तळ्यातला कळस : ‘द एलियन’ अभिवाचन प्रकल्पाच्या नोंदी

८ जानेवारी

वाचनालयाच्या मागच्या खोलीत बैठक झाली. विषय पक्का : सत्यजित राय यांनी १९६७ साली लिहिलेली आणि पडद्यावर कधीच न आलेली ‘द एलियन’ ही पटकथा. कार्यक्रम सव्वा तासाचा, मार्चच्या मध्यावर, सोलापुरातच. तिघं वाचणार, एक जण ध्वनी सांभाळणार, संहिता माझ्याकडे.

फलकावर ‘हॉलिवूडनं चोरलेला चित्रपट’ असं लिहू या, गर्दी होईल, अशी सूचना आली. मी ठाम नकार दिला. ही पटकथा आपल्याकडे फक्त एक तक्रार म्हणून माहीत आहे. कुणालाही विचारा, ‘ई.टी.’ या परग्रहवासीयावरच्या हॉलिवूडपटाचं नाव लगेच निघतं, तो हिच्यावरून उचलला म्हणून. पण त्या गावात नेमकं काय घडतं, तळ्यात काय उतरतं आणि त्याच्याशी कोण कसं वागतं, हे सांगू शकणारा माणूस सहसा भेटत नाही. एका मोठ्या लेखकाचं लेखन त्याच्यावरून झालेल्या वादाखाली इतकी वर्षं दबून राहावं, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून क्रम असा ठरला : आधी गाव, मग भांडण. सर आणि ताई दोघांनाही पटलं.

संदीप राय आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ही पटकथा, पत्रव्यवहार आणि रेखाटनं इंग्रजीत पुस्तकरूपानं प्रसिद्ध केली, त्यामुळे अभ्यासाला भक्कम आधार आहे. मजकूर सलग वाचायचा तर हक्कधारकांची परवानगी लागेल. पत्र धाडलं आहे. तोवर संहिता पूर्णपणे आपल्या शब्दांत लिहायची.

११ जानेवारी

सुरुवात मुळापासून. आमच्या गल्लीतल्या बंगाली काकूंनी ‘बंकूबाबूर बंधू’ ही कथा मूळ बंगालीत वाचून दाखवली. अडेल तिथं त्यांनी मराठीत समजावलं, मी टिपणं घेतली.

ही कथा १९६२ मध्ये ‘संदेश’मध्ये छापून आली. ‘संदेश’ हे मुलांचं मासिक रायांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१३ मध्ये सुरू केलं होतं. मध्ये ते बंद पडलं, आणि १९६१ मध्ये राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासोबत पुन्हा चालू केलं. पानं भरायला गोष्टी हव्या होत्या. चाळिशीच्या उंबरठ्यावर आलेला, जगभर नाव झालेला दिग्दर्शक त्या गरजेपोटी मुलांसाठी लिहायला बसला, आणि त्यातून शास्त्रज्ञ प्राध्यापक शोंकू आला, पुढे गुप्तहेर फेलूदा आला, आणि हा बंकूबाबूही.

बंकूबाबू खेड्यातल्या प्राथमिक शाळेत भूगोल आणि बंगाली शिकवतो. श्रीपती मजुमदार या वकिलाच्या घरी गप्पांचा अड्डा जमतो, तिथं सगळे त्याची टर उडवतात आणि तो निमूट ऐकून घेतो. एका रात्री घरी परतताना बांबूच्या बनात त्याला परग्रहावरचा ॲंग भेटतो. वय ८३३ वर्षं, १४ हजार भाषा अवगत. निघाला होता प्लूटोला, वाट चुकून पृथ्वीवर उतरला. एका नळीतून तो बंकूबाबूला उत्तर ध्रुव दाखवतो, ब्राझीलचं जंगल दाखवतो. जन्मभर भूगोल शिकवलेल्या आणि गावाबाहेर फारसं न गेलेल्या माणसाला! जाता जाता तो बजावतो, की तुझा स्वभाव फार गरीब आहे, अपमान मुकाट्यानं सोसणं बरं नव्हे. मग बंकूबाबू अड्ड्यावर जाऊन प्रत्येकाला खडसावतो आणि ताठ मानेनं बाहेर पडतो.

एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीतले मंगळवासी १८९८ मध्ये इंग्लंडवर चाल करून आले आणि त्यानंतर पडद्यावरही बहुतेक पाहुणे हल्लेखोर म्हणूनच येत राहिले. इथला पाहुणा एका मास्तरला कणा देऊन जातो. पटकथेचं बीज इथं आहे. कार्यक्रमाची पहिली १२ मिनिटं या कथेला द्यायची.

१९ जानेवारी

ही पटकथा रायांना एकाएकी सुचली, असं मांडायचं नाही. तेव्हाच्या कलकत्त्यात विज्ञानकथेचं वारं चांगलंच वाहत होतं. अद्रीश बर्धन यांनी १९६३ मध्ये ‘आश्चर्य’ हे विज्ञानकथेला वाहिलेलं मासिक काढलं. १९६६ च्या जानेवारीत विज्ञानपटांसाठी खास चित्रपट मंडळ सुरू झालं. राय अध्यक्ष, प्रेमेंद्र मित्र उपाध्यक्ष, बर्धन सचिव. याच मंडळासाठी शुभेच्छा मागायला रायांनी इंग्रज विज्ञानकथाकार आर्थर क्लार्क यांना पत्र लिहिलं होतं. क्लार्क १९५६ पासून श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, राहत होते. पत्रमैत्री जुळली. पुढे लंडनला भेट झाली, तेव्हा क्लार्क स्टॅन्ली कुब्रिक यांच्यासोबत ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’च्या कामात बुडालेले होते. राय यांनी आपली कल्पना त्यांना सांगितली आणि क्लार्कना ती आवडली.

सर म्हणाले, १९६६ हेच मराठी विज्ञान परिषदेच्या स्थापनेचं वर्ष. बरोबर आहे. आपल्याकडे परिषदेच्या कथास्पर्धेत १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं आलेली ‘कृष्णविवर’ पहिली आली आणि तो लेखक म्हणजे जयंत नारळीकर निघाले, ही गोष्ट सोलापूरच्या श्रोत्यांना ठाऊक असते. बंगालातला तो उत्साह समजावताना हा धागा निवेदनात उपयोगी पडेल. दोन वाक्यांत, जास्त नको.

४ फेब्रुवारी

आज दिवसभर १९६७ या एका वर्षावर काम केलं. संहितेतला सर्वांत वेगवान भाग हाच, आणि वाचणाऱ्यांची खरी कसोटीही.

क्लार्क यांनी हा विषय माइक विल्सन यांच्या कानावर घातला. विल्सन हे समुद्रात बुड्या मारण्यातले त्यांचे साथीदार, सिलोनमध्ये स्थायिक झालेले, तिथं सिंहली चित्रपट केलेले. पहिला रंगीत सिंहली चित्रपट, १९६२ चा ‘रन मुथु दुवा’, त्यांचाच. फेब्रुवारीत विल्सन कलकत्त्याला दाखल झाले, राय लिहीत असताना तिथंच मुक्काम ठोकून राहिले, आणि पटकथा थोड्याच दिवसांत इंग्रजीत पूर्ण झाली. विल्सन यांच्या हालचाली विजेच्या वेगाच्या. एप्रिलमध्ये पॅरिसला पीटर सेलर्स या ब्रिटिश विनोदी नटाची गाठ घालून दिली आणि त्यांनी बाजोरिया या मारवाडी उद्योगपतीच्या भूमिकेला होकार दिला. कोलंबिया पिक्चर्स पैसा घालायला तयार झाली. जूनमध्ये राय हॉलिवूडला पोहोचले.

तिथं त्यांना सायक्लोस्टाइल केलेल्या प्रती दिसल्या. मुखपृष्ठावर स्वामित्वहक्क : माइक विल्सन आणि सत्यजित राय. लिहिलेली रायांनी, हक्कात नाव दुसऱ्याचंही, आणि तेही आधी. कोलंबियानं दिलेली १० हजार डॉलरची आगाऊ रक्कम विल्सन यांच्याकडे गेली, रायांच्या हाती त्यातलं काही आलं नाही. डेव्हलिन या अमेरिकी इंजिनिअरच्या भूमिकेसाठी मार्लन ब्रँडो, स्टीव्ह मॅक्वीन अशी नावं हवेत फिरत होती. ज्या माणसानं ‘पथेर पांचाली’ पैसे संपत आले की थांबवत, जमले की पुढे नेत पूर्ण केला, तो या झगमगाटात उभा राहून काय पाहत असेल, याचा विचार करत मी बराच वेळ बसून होतो.

ऑक्टोबरमध्ये लंडनला पुन्हा बोलणी झाली. कोलंबियाच्या तिथल्या शाखेला चित्रपट हवा होता, पण विल्सन यांनी बाजूला व्हावं अशी त्यांची अट होती. तेवढ्यात सेलर्स कचरले. आपली भूमिका अपुरी वाटते, असं त्यांनी कळवलं. राय यांनी उत्तर इंग्रजी पद्यात दिलं. मोठी भूमिका हवी होती तर सुरुवातीलाच सांगायचं होतंत, आता सांगून तुम्ही एलियनचा फुगाच फोडलात, असा त्याचा आशय. सुकुमार रायांचा मुलगा शोभतो! वडिलांनी ‘आबोल ताबोल’ हा गमतीदार बालकवितांचा संग्रह लिहिलेला, त्यामुळे मन दुखावलेलं असतानाही यमक सहज आलं असणार.

विल्सन यांची अखेर तर पुराणातल्यासारखी. ते मुंडन करून संन्यासी झाले, नवं नाव स्वामी शिव कल्की. हक्क सोडताना रायांना धाडलेल्या पत्रात त्यांनी रायांना रावण केलं आणि पटकथेला सीता : ठेवून घे तिला. तोवर वारा पडला होता.

हा भाग निवेदकाच्या एकाच आवाजात ठेवायचा, संवाद नकोत. त्या खोल्यांत नेमकं कोण काय बोललं, ते आपण रचायचं नाही. जे पुढे आलं आहे ते बरंचसं रायांनी स्वतः लिहिलेल्या हकिकतीवरून, तेव्हा ‘राय सांगतात’ हे शब्द संहितेत वारंवार यायला हवेत.

१२ फेब्रुवारी

आता गाव. यासाठीच हा सगळा खटाटोप.

बंगालमधलं मंगलपूर. रात्री गावच्या कमळांच्या तळ्यात अवकाशयान उतरतं आणि बुडतं. पाण्याबाहेर राहतो तो फक्त वरचा सुळका. सकाळी गावकऱ्यांना तो कळस वाटतो, पाण्याखालून देऊळ वर येतंय असं वाटतं, आणि पूजा सुरू होते. बाजोरियाला त्यात पुण्य आणि प्रसिद्धी एकदम दिसते. तळं उपसायचं, संगमरवर बसवायचा आणि जीर्णोद्धारकर्ता म्हणून आपल्या नावाची पाटी लावायची, गगनलाल लक्ष्मीकांत बाजोरिया अशी, पूर्ण. डेव्हलिन त्याच्यासाठीच या कोरड्या मुलखात बोअर मारतोय. डोळ्यांनी न पाहिलेल्या कशावरही त्याचा विश्वास नाही. मोहन हा कलकत्त्याचा पत्रकार, देवावर भरवसा न ठेवणारा. आणि हाबा, फळं चोरून आणि भीक मागून जगणारा अनाथ पोरगा.

त्या कळसाखाली काय आहे याची थोडीफार जाण फक्त हाबाला होते, तीही स्वप्नात. परग्रहावरचा तो जीव त्याच्या स्वप्नात शिरून त्याच्याशी खेळतो. मोठं डोकं, काटकुळे हातपाय, डोळ्यांच्या जागी खोबण्या. राय त्याचं वर्णन करताना उपाशी निर्वासित मुलाची आठवण काढतात. या एका उपमेपाशी मी थांबलो. १९४३ चा बंगालचा दुष्काळ तरुण वयात पाहिलेला, फाळणीनंतर सियालदह स्थानकावर साचलेली माणसं त्याच शहरात पाहिलेला लेखक. त्यानं अंतराळातून येणाऱ्याला बुद्धिमान राक्षसाचं रूप दिलं नाही, फलाटावरच्या पोराचं दिलं.

हा जीव करतो काय, तर खोड्या. भाताचं रोप एका रात्रीत पिकवतो आणि हरखून जातो. गावातल्या सर्वांत कंजूष माणसाच्या आंब्याला भलत्याच हंगामात फळं लागतात. चितेवरच्या म्हाताऱ्याचे डोळे उघडतात. तो लहान मुलासारखा हात लावून पाहतो आणि आपल्या खेळाचा माणसांवर काय परिणाम होतोय याची त्याला कल्पनाही नसते. शेवटी यान निघून जातं. सोबत हाबा, एक बेडूक, एक काजवा, साप, कमळ, खार आणि बुलबुल.

ही पटकथा सोलापुरात वाचताना पाण्यावरून नजर हटत नाही. राय हे लिहीत होते त्या फेब्रुवारीत देशात निवडणुका चालू होत्या. लागोपाठ दोन पावसाळे फसलेले. आदल्या वर्षी पश्चिम बंगालमध्ये अन्नासाठी आंदोलन पेटलेलं, शेजारच्या बिहारमध्ये एप्रिलमध्ये दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. अमेरिकेचा गहू जहाजांतून येत होता. अशा काळात एक अमेरिकी इंजिनिअर बंगालच्या कोरड्या जमिनीत पाणी शोधतोय, एका रात्रीत भात पिकवणारा पाहुणा जवळच्याच तळ्यात आहे, आणि गावचा धनिक म्हणतोय की ते तळं उपसून संगमरवर घालू. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही. सोलापूर नावाचाच हातपंप होता, त्याच्याच आराखड्यावरून पुढे देशभर ‘इंडिया मार्क २’ गेला. बोअरचं यंत्र गावात आलं की पोरंसोरं भोवती कशी जमतात, दगडाची भुकटी उडत असताना म्हातारी माणसं हात जोडून कशी उभी असतात, हे इथं ठाऊक आहे.

तेव्हा हा विज्ञानपट आहे तसाच तो पाण्याचा आणि भुकेचा चित्रपट आहे. ‘अशनि संकेत’ रायांनी १९७३ मध्ये केला, १९४३ च्या दुष्काळावर. मला ही दोन कामं एकाच हातची, एकाच काळजीतून आलेली वाटतात. अभ्यासकांनी यावर अधिक लिहायला हवं.

गावाच्या भागाला संहितेत ३५ मिनिटं. कमी करायची नाहीत.

१७ फेब्रुवारी

पहिलं सामूहिक वाचन. बाजोरिया वाचणाऱ्या काकांनी मारवाडी ढंगाचं मराठी बोलून दाखवलं. आवाज उत्तम, खोलीत हशाही पिकला. मी ते थांबवलं.

कारण सेलर्सच. १९६० च्या ‘द मिलियनेरेस’मध्ये त्यांनी भारतीय डॉक्टर केला होता आणि ‘द एलियन’ची बोलणी चालू असतानाच्या काळात ‘द पार्टी’ केला, १९६८ मध्ये आलेला, चेहरा काळवंडून, उच्चार वाकवून. त्यातला भारतीय नट आपल्या माकडाचं नाव अपू असल्याचं सांगतो. अपू, म्हणजे ‘पथेर पांचाली’तल्या मुलाचं नाव! रायांना ते लागलं आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं आहे. एका माणसाच्या बोलण्याची नक्कल करून दुसऱ्यांना हसवणं काय असतं, हे या प्रकल्पात तरी आपण विसरून चालणार नाही. शिवाय आमच्या गावात पिढ्यान्पिढ्या राहिलेली मारवाडी कुटुंबं आहेत, ती समोर बसलेली असणार.

बाजोरिया कसा वाचायचा मग? साधं, नीट मराठी, पण वाक्यं हिशेबी. देवळाबद्दल बोलताना आवाज भक्तीनं खरोखर मऊ व्हायला हवा. तो ढोंगी आहे असं मला वाटत नाही. पाटी आणि पुण्य त्याच्या मनात वेगळी नाहीत, इतकंच. काकांनी तसं वाचून पाहिलं आणि खोली गप्प झाली. तेच कायम.

२५ फेब्रुवारी

आज ‘ई.टी.’. टाळायचं नाही, पण पुरावा समोर ठेवून बोलायचं.

‘ई.टी.’ १९८२ मध्ये आला. राय यांचं म्हणणं असं की ‘द एलियन’च्या प्रती अमेरिकेत सगळीकडे फिरल्या नसत्या तर ‘ई.टी.’ झालाच नसता. साम्यं खरी आहेत : निरुपद्रवी, ठेंगणा, मोठ्या डोक्याचा पाहुणा, मुलाशी मैत्री, सुकलेलं रोप टवटवीत करण्याची शक्ती. क्लार्क यांनाही ती जाणवली. त्यांनी १९८४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून ‘ई.टी.’चे दिग्दर्शक स्पीलबर्ग यांचं उत्तर कळवलं : ती पटकथा हॉलिवूडमध्ये फिरत होती तेव्हा मी शाळेत होतो. स्पीलबर्ग यांचा जन्म डिसेंबर १९४६ चा, शाळा १९६५ मध्ये संपली. पटकथा १९६७ ची. म्हणजे हे उत्तर टिकत नाही. पण उत्तर टिकत नाही म्हणून चोरी सिद्ध होते असंही नाही. ‘ई.टी.’ची पटकथा मेलिसा मॅथिसन यांनी लिहिली, आणि त्यामागे ‘नाइट स्काइज’ नावाचा, कोलंबियाकडेच आखलेला आणि सोडून दिलेला दुसरा प्रकल्प होता. राय न्यायालयात गेले नाहीत.

मला एक तारीख फार मोलाची वाटते. राय यांनी ‘द एलियन’ची सगळी कर्मकहाणी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये १९८० च्या ऑक्टोबरमध्येच छापली होती. ‘ई.टी.’च्या आधी. प्रती, हक्काची ओळ, सेलर्स, विल्सन, सगळं त्यात आहे. तेव्हा ही हकिकत ‘ई.टी.’च्या यशामुळे पोटात दुखून रचली, असं कुणी म्हणू लागलं तर त्याला ही तारीख दाखवायची.

आणि मग फरक. तो सांगितल्याशिवाय साम्य सांगणं अर्धवट. ‘ई.टी.’ला घरी जायचं असतं, मागे राहिल्याचं दुःख ही त्या चित्रपटाची नाडी आहे. मुलं त्याला मोठ्या माणसांपासून लपवतात. रायांचा पाहुणा मागे राहिलेला नाही, तो हिंडायला आला आहे. त्याला कुणी लपवत नाही, कारण गावाला फक्त कळस दिसतो. ‘ई.टी.’ निघून जातो आणि मुलगा आईकडे उरतो. हाबाला आई नाही, त्याला ठेवून घेणारं गावात कुणी नाही, म्हणून पाहुणा त्याला बेडकाबरोबर आणि कमळाबरोबर घेऊन जातो. हा शेवट अमेरिकी उपनगरात सुचणं मला अशक्य वाटतं.

या भागाला दहा मिनिटं. ताई म्हणाल्या, लोक भांडणं ऐकायलाच येतात. येऊ देत. दहा मिनिटांत भांडणही पुरेसं होतं.

३ मार्च

मागे काय उरलं, यावर लिहिलं. हॉलिवूडचं दार मिटत असतानाच्या काळात राय आजोबांच्या कथेवरचा ‘गुपी गाईन बाघा बाईन’ उभा करत होते. पैसे इतके बेताचे की जवळपास सगळा चित्रपट कृष्णधवल आणि फक्त शेवट रंगीत. १९६९ मध्ये तो बंगालमध्ये तुफान चालला. त्यातलं भुतांचं नृत्य, चार थरांत नाचणारी चार जातींची भुतं, यांत्रिक करामतींच्या भल्यामोठ्या खर्चाविना केलेलं आहे. ‘द एलियन’ला लागणारी कल्पनाशक्ती रायांकडे होती आणि ती दाखवायला कोलंबियाची तिजोरी लागत नव्हती, याचा तो पडद्यावरचा पुरावा. तरीही विज्ञानपट त्यांनी नंतर केला नाही. शोंकूच्या गोष्टी मात्र अखेरपर्यंत लिहिल्या.

पटकथेच्या आगेमागे त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या आहेत, बंगालीत ‘खेरोर खाता’, आपल्याकडच्या व्यापाऱ्यांच्या चोपड्यांसारख्या. संवाद, वेशभूषा, चौकटी, संगीत, सगळं त्यांतच. जाहिरात संस्थेत चित्रकार म्हणून उमेदवारी केलेल्या या माणसानं त्या जीवाला कागदावर जन्म दिला होता. आम्ही रेखाटन पडद्यावर दाखवणार नाही, परवानगीचं उत्तर आलेलं नाही. त्यामुळे वर्णन आवाजातूनच पोहोचवावं लागेल. ध्वनी बघणारा मुलगा म्हणतो, ते बरंच आहे, प्रत्येकाचा वेगळा दिसेल.

२००३ च्या ‘कोई... मिल गया’चा उल्लेख हवा का, यावर चर्चा. एका ओळीत ठेवला. समोरच्या पोरांना त्यातला परग्रहवासी ‘जादू’ माहीत आहे, तिथून त्यांना हाबापर्यंत आणता येईल.

९ मार्च

पूर्ण तालीम. सव्वा तासाच्या पुढे जातोय. कापलं ते सगळं १९६७ च्या भागातलं : हॉटेलं, ब्रँडो, कोण कुणाला केव्हा भेटलं. गावाला हात लावला नाही.

ध्वनी : तळ्याच्या प्रसंगाखाली बेडूक आणि रातकिडे, शहराबाहेरच्या एका शेततळ्यावर रात्री मुद्रित केलेले. यान बुडताना मोठा आवाज करू नये, असं ठरलं. फक्त रातकिडे थांबतात. हा निर्णय त्या मुलाचा आणि तो अचूक आहे.

हाबाच्या वाट्याला संवाद फार नाहीत, पण आठवीतली जी मुलगी त्याचा भाग वाचते ती स्वप्नाचा प्रसंग असा वाचते की पुढचं वाक्य घ्यायला निवेदक विसरला.

१५ मार्च

कार्यक्रम झाला. खुर्च्या कमी पडल्या. बंकूबाबूला पहिल्याच प्रसंगात टाळी, अड्ड्यावर तो उलटून बोलतो तिथं. बाजोरियाची पाटी वाचली गेली तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी इथल्या एका तळ्याचं नाव घेतलं आणि सभागृहात कुजबुज झाली.

नंतर अर्धा तास प्रश्नोत्तरं. चोरीचा प्रश्न आलाच, सरांनी १९८० ची तारीख सांगून शांतपणे उत्तर दिलं. पण जास्त प्रश्न गावावर होते. एका आजींनी विचारलं, भात पिकवणाऱ्याला तिथंच का नाही ठेवून घेतलं? निवृत्त पाटबंधारे कर्मचाऱ्यानं डेव्हलिनची बाजू घेतली : तो एकटाच तिथं काम करायला आलेला, त्याला का हसता? हा विचार माझ्या संहितेत नव्हता आणि तो चांगला आहे. एका मुलानं विचारलं, चितेवरच्या आजोबांचं पुढे काय झालं?

राय यांना १९९२ च्या मार्चमध्ये ऑस्कर मिळालं ते कलकत्त्याच्या रुग्णालयात, बिछान्यावर. पुढच्याच महिन्यात, २३ एप्रिलला, ते गेले. हॉलिवूडनं त्यांना उशिरा दिलेला मान सगळे सांगतात. १९६७ मध्ये त्यांनी हॉलिवूडला काय देऊ केलं होतं, ते आज दोन-अडीचशे सोलापूरकरांनी ऐकलं याचा मला फार आनंद आहे.

२१ मार्च

बार्शी आणि पंढरपूरहून विचारणा. पुढच्या प्रयोगासाठी बदल : डेव्हलिनला चार मिनिटं वाढवून द्यायची, बोअर मारतानाचा एक स्वतंत्र प्रसंग निवेदनात घ्यायचा. क्लार्क यांच्याशी झालेल्या पत्रमैत्रीचा भाग थोडा सावकाश वाचायचा, पंढरपूरच्या शाळेतली मुलं येणार आहेत. परवानगीसाठी स्मरणपत्र धाडायचं. बंगाली काकूंनी बंकूबाबूचा एक उतारा मूळ बंगालीतून वाचायला होकार दिला आहे, त्याची तालीम रविवारी, त्यांच्याच घरी.